जुना लॅपटॉप, नवी कार्यप्रणाली : नकार नेमका कशाचा?

अनेक शाळांच्या कपाटात २०१७ च्या सुमारास घेतलेला एखादा लॅपटॉप असतो. तो व्यवस्थित सुरू होतो, त्यावर प्रश्नपत्रिका आणि निकालपत्रके तयार होतात. पण त्यातील विंडोज १० या कार्यप्रणालीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा, सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ बसवायला जावे तर पडद्यावर सूचना येते : हा संगणक किमान अटी पूर्ण करत नाही. यंत्र धडधाकट असताना हा नकार का? अशा यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली बसवता येईल का?

कार्यप्रणाली ही यंत्राचे भाग आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधील व्यवस्थापक असते. कळफलक, पडदा, वाय-फाय, ध्वनी अशा प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी तिला एकेक दुभाषी लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. हे लक्षात घेतले की ‘चालत नाही’ या एकाच वाक्यामागे तीन निरनिराळी कारणे असू शकतात, हे समजते.

पहिले कारण म्हणजे यंत्राची खरीखुरी असमर्थता. प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच समजतात. द्विमान संख्येत १ हा अंक किती वेळा आला हे मोजणारी एक आज्ञा आहे. १०११० ही संख्या दिली, तर ती ३ असे उत्तर देते. इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये ही आज्ञा २००८ पासून आली. त्याआधीच्या कोअर टू ड्युओमध्ये ती नाही. २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीला ती लागतेच. त्यामुळे कोअर टू ड्युओच्या लॅपटॉपवर ही आवृत्ती सुरूच होत नाही. इथे कोणतीही युक्ती उपयोगी पडत नाही.

दुसरे कारण दुभाष्याचा अभाव. कार्यप्रणाली सुरू होते, पण वाय-फाय दिसत नाही किंवा आवाज येत नाही. हा अडथळा पुष्कळदा दूर होतो. योग्य ड्रायव्हर मिळाला की काम भागते.

तिसरे कारण धोरणाचे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरांची यादी ठरवली. इंटेलचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढचे हवेत. शिवाय टीपीएम २.० ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-सोय हवी. २०१७ च्या सुमाराच्या लॅपटॉपमध्ये बहुधा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो. वरची मोजणीची आज्ञा त्याला येते, कित्येकदा टीपीएमही असते. तरी तो यादीबाहेर राहतो. ही तपासणी टाळण्याची एक नोंद २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच सांगितली होती. म्हणजे यंत्राला काम जमत होते. कंपनीला त्याची हमी घ्यायची नव्हती.

मग ती तपासणी टाळून मोकळे व्हावे का? इथे ‘पाठिंबा’ या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. कार्यप्रणालीत सुरक्षेची छिद्रे सतत सापडत असतात आणि ती बुजवणाऱ्या दुरुस्त्या येत असतात. अशा यंत्रांना त्या मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. आज त्या मिळाल्या तरी उद्याची खात्री नाही. घरी प्रयोगासाठी हे ठीक. पण ज्या लॅपटॉपवर विद्यार्थ्यांची माहिती आणि गुण ठेवायचे, तिथे ही जोखीम घेऊ नये.

दुसरी वाट लिनक्सची. लॅपटॉप बनवणाऱ्याने बहुधा तिचीही हमी दिलेली नसते. परंतु दुरुस्त्या मिळतात त्या लिनक्सचा संच तयार करणाऱ्यांकडून. उदाहरणार्थ, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. अर्थात, लिनक्सही जुन्या यंत्रांना कायम सांभाळत नाही. १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी ती ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर लिहिली. २०१३ च्या ३.८ आवृत्तीत त्याच ३८६ चा पाठिंबा काढण्यात आला. त्या एका प्रोसेसरसाठी वेगळी तरतूद सांभाळण्याचे श्रम परवडेनासे झाले होते.

प्रत्यक्ष कृती करताना क्रम महत्त्वाचा. आधी सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्या उघडतात का ते पाहावे. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर सुरू असेल तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवावी. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्सची प्रत तयार करून त्यावरूनच लॅपटॉप सुरू करावा. याला ‘लाइव्ह’ पद्धत म्हणतात. ‘इन्स्टॉल’ हा पर्याय निवडत नाही तोवर मूळ डिस्कला धक्का लागत नाही.

आता एकेक भाग तपासू : वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रक्षेपक, छपाईयंत्र, झाकण मिटून पुन्हा उघडणे. मराठीची परीक्षा स्वतंत्र घ्यावी. युनिकोडमधील मजकूर नीट दिसतो आणि इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. पण युनिकोडपूर्व फाँटमधील जुन्या प्रश्नपत्रिका तो फाँट नसेल तर अगम्य चिन्हे दाखवतात. त्या आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. शाळेला लागणारा एखादा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालत असेल, तर निदान एक यंत्र पाठिंबा असलेल्या विंडोजचे ठेवणे भाग आहे.

ही तपासणी वर्गात करण्याजोगी आहे. विद्यार्थ्यांनी तक्ता करावा : कोणता भाग चालला, कोणता नाही, आणि न चालण्याचे कारण असमर्थता, दुभाष्याचा अभाव की धोरण? प्रत्येक उत्तरापुढे ‘हे कशावरून ठरवले?’ असा चौथा रकाना जरूर ठेवावा. तो भरून झाल्यावरच लॅपटॉप ठेवायचा की मोडीत काढायचा, याची चर्चा करू.