बंद पाकीट आणि उघडा पट

परीक्षा संपत आल्या की पोरांचे डोळे सुट्टीकडे लागतात. आमच्या तिकोणा पेठेत यंदा त्या सुट्टीची वाट जरा जास्तच पाहिली जात आहे. पवना धरणाच्या काठी शनिवार-रविवारी शहरातले पाहुणे तंबूत मुक्कामाला येतात. रात्री शेकोटीशेजारी ते रंगीत पत्त्यांचे, सोंगट्यांचे नाना खेळ मांडून बसतात. तिथे कामाला जाणाऱ्या आमच्या तरुणांनी हे पाहिले आणि घरी येऊन धाकट्या भावंडांना सांगितले. झाले! आता वस्तीतल्या प्रत्येक मुलाकडे ‘सुट्टीत काय काय घ्यायचे’ याची यादी तयार आहे.

या यादीपायी गेल्या महिन्यात एका घरात रडारड झाली. सातवीतल्या मुलाने वह्यांसाठी दिलेल्या पैशांतून चित्रांच्या पत्त्यांची चार बंद पाकिटे आणली. हवे होते ते पान एकाही पाकिटात निघाले नाही. त्याची आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाते. ती आमच्याकडे येऊन म्हणाली, “भाऊ, हा खेळ म्हणायचा की जुगार?”

प्रश्न साधा नाही. म्हणून थोडी माहिती करून घेऊ.

जमवायच्या पत्त्यांच्या खेळाची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत झाली. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ तयार केला. आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या कॅटमध्ये ५२ पाने, आणि ती सगळ्यांना सारखीच. या खेळात मात्र ज्याने त्याने आपली पाने विकत घ्यायची. पाकीट बंद, आत काय आहे ते फोडल्यावर कळणार. सुरुवातीच्या काळात १५ पानांच्या पाकिटात दुर्मिळ पान एकच असे. १९९६ साली जपानमध्ये निघालेले पोकेमॉनचे पत्तेही याच तत्त्वावर चालतात. हे खेळ टाकाऊ आहेत असे नाही. त्यांत वाचन आहे, हिशेब आहे, डोके चालवावे लागते. पण हवे ते पान मिळेपर्यंत एकामागून एक पाकीट फोडत राहण्याची जी ओढ लागते, ती जुगाराच्या घरातली आहे. शिवाय ज्याच्या बापाचा खिसा मोठा, त्याचा डाव भारी!

भगवान बुद्धांच्या काळातही पटाचे खेळ होते. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात त्यांची यादीच आहे. आठ ओळींचा अट्ठपद, दहा ओळींचा दसपद, पट नुसता मनात धरून खेळायचा आकास, फाशांचा खलिक. लोकांनी श्रद्धेने दिलेल्या अन्नावर जगणाऱ्याने यात वेळ घालवू नये, असे तेथे सांगितले आहे. ही गोष्ट प्रव्रजितांसाठी. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. जिंकणाऱ्याचे वैरी वाढतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, असलेला पैसा जातो, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र हलके लेखतात आणि लग्नाला कोणी मुलगी देत नाही. आपल्या वस्त्यांत मटक्याने बुडालेली घरे ज्यांनी पाहिली, त्यांना हे समजावून सांगायला नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पण दुकानातल्या बंद पाकिटाला तो लागू नाही. तिथे पालकांनाच पाहावे लागेल.

मग सुट्टीत मुलांनी करायचे काय? आम्ही तीन खेळ सुचवतो.

पहिला, चल्लस-आठ. जमिनीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखावा. दोन चिंचोके फोडून चार फाका कराव्यात. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ. खर्च शून्य. आजीला नियम विचारावेत. तिलाही खेळायला घ्यावे.

दुसरा, कॅरम. वस्तीत वर्गणी काढून एक बोर्ड आणला तर वीस मुलांची सोय होते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात चेन्नईच्या एम. काझिमाने तीन सुवर्णपदके मिळवली. तिचे वडील रिक्षा चालवतात. आपल्या मुलींनाही बोर्डाजवळ बसू द्या.

तिसरा खेळ मुलांनी स्वतः बनवायचा. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे सारख्या आकारात कापावेत. एका बाजूला घटना, मागे साल. महाडचा सत्याग्रह १९२७, काळाराम मंदिर सत्याग्रह १९३०, बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना १९५४, नागपूरची धम्मदीक्षा १९५६. अशी चाळीस पाने करावीत. प्रत्येकाला पाच वाटावीत, एक मधे सालासह मांडावे. ज्याची पाळी त्याने आपली घटना आधीची की नंतरची ते ठरवून पान जागेवर ठेवावे आणि उलटून पाहावे. चुकला तर गठ्ठ्यातले आणखी एक पान घ्यावे. ज्याची पाने आधी संपतील तो जिंकला.

नवा खेळ घेताना पालकांनी तीन गोष्टी पाहाव्यात. सगळ्यांचा डाव सारख्या साधनांनी सुरू होतो का? हरलेल्याला पुन्हा पैसे न घालता खेळता येते का? आणि एकदा घेतला की खर्च संपतो का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल घ्यावा.

त्या माउलीला आम्ही हेच सांगितले. मुलाची पाने फेकायला लावली नाहीत. आता तो ती पाने मित्रांत सारखी वाटून मगच डाव मांडतो. देहूरोडचे पानही त्यानेच लिहिले. पहिल्यांदा त्याने साल चुकवले होते. शेजारच्या चौथीतल्या मुलीने ते खोडून दुरुस्त केले, आणि त्याने मुकाट्याने एक पान जास्तीचे उचलले.