धारवाडी पेढ्याचा तपकिरी रंग येतो कुठून?

लोंढ्यामार्गे हुबळी-धारवाडला गेलेला गोमंतकीय परतताना पेढ्याचा डबा हमखास घेऊन येतो. वरून साखरेत घोळवलेला, आतून गडद तपकिरी आणि किंचित रवाळ असा हा पेढा पाहून त्यात चॉकलेट किंवा कोको घातला असावा, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात त्यात दूध, साखर आणि बेताची वेलची याखेरीज फारसे काही नसते. रंग येतो तो विस्तवावरच्या संयमातून.

या पेढ्याचे मूळ उत्तर प्रदेशातील उन्नावशी जोडले जाते. प्लेगच्या साथीमुळे तेथून धारवाडला आलेल्या ठाकूर कुटुंबातील रामरतन सिंह यांनी उदरनिर्वाहासाठी पेढे करण्यास सुरुवात केली. त्यांचे नातू बाबूसिंह यांच्या काळात लाइन बाजारातील दुकानाची कीर्ती सर्वदूर पोहोचली. पुढे 1933 मध्ये मिश्रा कुटुंबानेही धारवाडमध्ये हा व्यवसाय सुरू केला. आज धारवाडी पेढ्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे.

त्याच्या चवीत परिसरातील गवळी समाजाचा आणि त्यांच्या म्हशींचा वाटा मोठा आहे. धारवाडी म्हशीला 2021 मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने खवा मऊ आणि भरघोस उतरतो. एक लिटर दुधापासून साधारण 200 ग्रॅम खवा मिळतो. स्निग्धांश काढून घेतलेल्या पिशवीतल्या दुधाचा खवा कमी आणि कोरडा निघतो. म्हणूनच घरी पेढा करायचा तर म्हशीचे सायीसकट दूध घेणे श्रेयस्कर.

खवा मंद आचेवर परतत राहिल्यास दुधातील शर्करा आणि प्रथिने यांचा संयोग होऊन तपकिरी रंग व खमंग गंध निर्माण होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मेलार्ड यांनी 1912 मध्ये या क्रियेचे वर्णन केले. भाजलेल्या पावाचा रंग आणि दुधाच्या टॉफीची चव यांमागेही हीच क्रिया असते.

घरगुती प्रमाण असे: खवा 500 ग्रॅम, पिठीसाखर 150 ते 175 ग्रॅम, तूप दोन मोठे चमचे, दूध पाव वाटी आणि वेलचीपूड अर्धा चमचा. जाड बुडाच्या कढईत तूप घालून खवा मंद आचेवर परतावा. तो तळाला लागू लागला की चमचाभर दुधाचा हबका मारून कडा सोडवून घ्याव्यात. अर्ध्या-पाऊण तासात खवा कोरडा, दाणेदार आणि तपकिरी होतो. आच वाढवून वेळ वाचवू नये. त्याने रंग येतो, पण सोबत करपट कडवटपणाही येतो.

खवा कोमट झाल्यावर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावा, मग पिठीसाखर व वेलची मिसळून मळावा. साखर परतण्याच्या सुरुवातीलाच घातली तर ती वितळते, मिश्रण चिकटते आणि पेढ्याऐवजी टॉफीसारखा चिवट गोळा हाती येतो. मिश्रण फारच भुसभुशीत वाटल्यास चमचाभर दूध पुरते. लहान गोळे वळून बारीक साखरेत घोळवावेत.

खवा विकतचा असेल तर एक खबरदारी आवश्यक आहे. सणासुदीला मागणी वाढली की खव्यात पिष्ट मिसळले जाण्याची शक्यता असते. थोडा खवा पाण्यात उकळून, थंड करून त्यावर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग उमटला तर त्यात पिष्ट आहे, असे समजावे.

उत्तम परतलेल्या खव्यात पाण्याचा अंश कमी राहतो. त्यामुळे हा पेढा पांढऱ्या पेढ्याहून अधिक टिकतो. मात्र किनारपट्टीच्या दमट हवेत त्यावरची साखर लवकर पाझरते. घरचे पेढे पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत, शीतकपाटात ठेवावेत आणि आठवडाभरात संपवावेत. रंगासाठी कोको घालण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने पेढा तपकिरी होईल, धारवाडी होणार नाही.