पात्रता गुणांचा अठरा वर्षांचा वाद

केंद्रीय सचिवालयात वरच्या खुर्चीकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक सेवाज्येष्ठतेचा, दुसरा मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेचा. पहिला संथ, दुसरा जवळचा. त्यामुळे सचिवालयातील कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या आयुष्यात या परीक्षेला मोठे मोल असते. कक्ष अधिकारी व लघुलेखक या पदांसाठी १९९६ साली झालेल्या अशाच एका परीक्षेचा निकाल सुधारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो १५ जुलै २०१४ रोजी. पेपर आणि न्याय यांत अठरा वर्षांचे अंतर पडले.

वाद होता पात्रता गुणांचा. बढतीच्या परीक्षेत अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांसाठी किमान गुणांची अट शिथिल करावी की नाही? इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १९९२ मध्ये बढतीतील आरक्षण अमान्य केले. त्यावर उपाय म्हणून संसदेने १९९५ मध्ये ७७ वी घटनादुरुस्ती करून कलम १६(४अ) आणले. तथापि, १९९६ मध्ये विनोद कुमार खटल्यात न्यायालयाने प्रशासनाच्या कार्यक्षमतेवर भर देणाऱ्या कलम ३३५ कडे बोट दाखवून गुणांची सवलत नाकारली. कार्मिक विभागाने २२ जुलै १९९७ रोजी ती मागे घेतली. सरकारने २००० मध्ये ८२ वी घटनादुरुस्ती केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सवलत पूर्ववत झाली. मधल्या काळात ज्यांची बढती हुकली, त्यांचा प्रश्न मात्र न्यायालयातच राहिला.

रोहतास भंखर खटल्यात सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी विनोद कुमार निकाल योग्य कायदा नसल्याचे सांगितले आणि १९९७ चा आदेश बेकायदा ठरविला. १९९६ चा निकाल देताना १६(४अ) कलम विचारातच घेतले गेले नव्हते. घटनेत आधीच आलेली तरतूद नजरेआड झाली आणि तिची किंमत परीक्षार्थींनी मोजली.

या प्रकरणी एकट्या न्यायपालिकेला दोष देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. नागराज खटल्यात २००६ मध्ये न्यायालयाने या घटनादुरुस्त्या वैध ठरविताना अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी गोळा करण्याची अट घातली. घटनादुरुस्तीसाठी हात वर करणाऱ्या राजकीय पक्षांनी सत्तेत असताना या कष्टाच्या कामाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. उत्तर प्रदेशातील बढतीतील आरक्षण २०१२ मध्ये त्याच कारणाने कोसळले. मग पुन्हा घटनादुरुस्तीचा मार्ग! राज्यसभेने डिसेंबर २०१२ मध्ये २०६ विरुद्ध १० मतांनी विधेयक संमत केले. लोकसभेत ते तडीस गेले नाही. मागासलेपणाच्या आकडेवारीची अट २०१८ मध्ये न्यायालयाने काढली, परंतु प्रतिनिधित्वाची आकडेवारी संवर्गनिहाय असावी, असे २०२२ मध्ये स्पष्ट केले.

खुल्या गटातील कर्मचाऱ्याची तक्रारही झटकून टाकता येणार नाही. सेवेत आल्यानंतरची प्रत्येक पायरी समान कसोटीवर चढता यावी, अशी त्याची अपेक्षा असते. मात्र गुणवत्ता म्हणजे केवळ परीक्षेतील क्रमांक नव्हे, असे न्यायालयाने २०१९ मध्ये पवित्रा खटल्यात नमूद केले आहे. या दोन भूमिकांतील तोल साधणे हे धोरणकर्त्यांचे काम आहे. ते न्यायालयावर सोपविले की निर्णय खटल्यागणिक बदलतो.

परीक्षेचा निकष कोणताही असो, तो प्रश्नपत्रिका हाती पडण्यापूर्वी पक्का असला पाहिजे. सरकारी नोकरी साठाव्या वर्षी संपते. तारखांना मात्र निवृत्तीचे वय नसते.