आधी ब्रेक, मग बीएचपी!

हॉस्टेलमध्ये कुणाच्या हाती जुनी गाडी लागली की पहिला प्रश्न ठरलेला: "पॉवर किती वाढवता येईल?" मग फ्री-फ्लो सायलेन्सर, मोठा एअर फिल्टर, रुंद टायर अशी यादी सुरू होते. काकांची २००१ची मारुती एस्टीम माझ्याकडे आली तेव्हा हीच यादी मला निदान दहा जणांनी दिली. मी मात्र उलट्या टोकाने सुरुवात केली. का, ते सांगते.

एस्टीम १९९४ साली बाजारात आली. १२९८ सीसीचं इंजिन आणि वजनाला हलकी, त्यामुळे भारतातल्या रॅलींमध्येही ती भरपूर पळाली. म्हणजे मूळच्या गाडीत दम आहेच. प्रश्न आहे तो इतक्या वर्षांत म्हाताऱ्या झालेल्या रबराचा, पाण्याचा आणि तेलाचा.

आता थोडं गणित. (घाबरू नका, बारावीचंच आहे!) चौघे जण आणि सामान धरून गाडी साधारण १२०० किलो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. एमजीएच काढा, उत्तर येतं जवळपास ६५ लाख ज्यूल. आपला आंघोळीच्या पाण्याचा हजार वॅटचा रॉड पावणेदोन तासांहून जास्त चालला तर एवढी उष्णता देतो, त्यात २० लिटरची बादली उकळेल! थोडी ऊर्जा हवेचा विरोध खातो. पण गिअर वरचा ठेवून नुसता ब्रेक दाबत उतरलात, तर बाकीची जवळजवळ सगळी पुढच्या डिस्क आणि मागच्या ड्रममध्ये शिरते. पॅड तापून त्यांची पकड कमी होते. याला 'ब्रेक फेड' म्हणतात. मराठीत 'ब्रेक मलूल होणं' म्हणायला हरकत नाही.

दुसरा धोका जास्त वाईट. गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते खरं तर ऑइल नसतंच, ते ग्लायकॉल जातीचं द्रव असतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. नवीन डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. द्रव उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. तेही नेमकं उतारावर. म्हणून माझं पहिलं काम: जुनं द्रव पूर्ण काढून डॉट ४ भरणं, एअर काढणं, रबरी होज पाइप आणि पॅड बदलणं. दर दोन वर्षांनी द्रव बदलायचंच. डॉट ५ मात्र भरू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही.

दुसरं काम कूलिंगचं. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. ०.९ बार दाबाला पाणी सुमारे ११८ अंशांवर उकळतं. झाकणाचं रबर गेलं की हा फायदाही गेला. बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात, म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच वापरायचं. "घाटात गरम होते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाक," असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. इंजिन थंडच राहतं, एमपीएफआयचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि झीज वाढते. टायमिंग बेल्टचा हिशोबही नुसत्या किलोमीटरवर करू नका, वर्षंही मोजा.

तिसरं टायर. बाजूला चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं, आणि पावसात ब्रेक कितीही चांगले असले तरी शेवटी पकड टायरचीच. त्यानंतर सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, व्हील बेअरिंग आणि इंजिनचे माउंटिंग. बुश ढिले असतील तर अलाइनमेंट कितीही वेळा करा, जोरात वळताना चाकं आपल्या मर्जीने दिशा बदलणारच.

एवढं झाल्यावर पॉवरचा विषय काढावा. तोही कलम ५२ लक्षात ठेवून. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि १५ वर्षांनंतर पुन्हा पासिंगही करून घ्यावं लागतं. खरंच जोरात चालवायची असेल तर कोईमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. घाट हा ट्रॅक नाही, समोरून एसटी येते!

माझ्या एस्टीमची पॉवर अजून एका बीएचपीनेही वाढलेली नाही. सायलेन्सरचा आवाजही तसाच शांत आहे, त्यामुळे पार्किंगमध्ये तिच्याकडे कुणी वळून पाहत नाही. पण चार मैत्रिणींना घेऊन घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की पेडल कडक लागतं. जुन्या गाडीवर खर्च करायला पैसे थोडेच असतील, तर ते याच क्रमाने खर्च करा: आधी थांबणं, मग थंड राहणं, मग वळणं आणि सगळ्यात शेवटी पळणं.