ब्राउझरसोबत आलेले संरक्षण आणि वापरणाऱ्याची निवड

संकेतस्थळे उघडून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर आणि त्याला वरून जोडायचा छोटा पूरक प्रोग्राम म्हणजे ॲड-ऑन, ही विभागणी आता पूर्वीइतकी स्पष्ट राहिलेली नाही. जाहिरात कंपन्या कुकीच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखनोंदीच्या, आधारे माणसाचा माग एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर काढतात. हा माग तोडणारी ॲड-ऑन पूर्वी जाणकार मंडळी शोधून बसवीत. सप्टेंबर २०१९ पासून मात्र फायरफॉक्सने अशा कुकी अडवण्याची सोय सर्वांसाठी आपोआप चालू केली, ब्रेव्हमध्ये ती अंगभूतच आहे आणि टॉर ब्राउझर तर नोस्क्रिप्ट हे ॲड-ऑन सोबत घेऊनच येतो. बहुसंख्य लोक सेटिंग कधीच उघडत नसल्यामुळे हा बदल हिताचाच म्हटला पाहिजे.

परंतु सोबत आलेली प्रत्येक गोष्ट विश्वासपात्र असतेच असे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये खुद्द मोझिलाने एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रसिद्धीचे ॲड-ऑन वापरणाऱ्यांना न विचारता फायरफॉक्समध्ये उतरवले आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. ॲव्हास्टचे प्रकरण याहून गंभीर होते: माग काढणाऱ्यांपासून संरक्षण देण्याचा दावा करणाऱ्या या कंपनीने वापरणाऱ्यांच्या भटकंतीचा तपशील आपल्याच जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकला, आणि त्यापायी २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हे घडू शकते, कारण बहुतेक संरक्षक ॲड-ऑनांना सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी लागते. जो पहारा देतो, त्यालाच सारे दिसते.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पीकविमा, डिजिटल सातबारा, महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षांचे अर्ज अशी कामे अनेक जण सेतू केंद्रात किंवा ऑनलाइन सेंटरवर उरकतात. तेथे ब्राउझर कोणता, त्यात कोणती ॲड-ऑन बसवलेली आणि पासवर्ड साठवला जातो की नाही, हे केंद्रचालक ठरवतो आणि आधार क्रमांक मात्र शेतकऱ्याचा असतो. वापरणाऱ्याची निवड या संकल्पनेत यंत्र आणि माहिती एकाच माणसाची असल्याचे गृहीत धरलेले असते, आणि वऱ्हाडात नेमके तेच अनेकदा खरे नसते.

कायद्याने दोन बाजूंनी हात घातला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड फोनमध्ये क्रोमसह गूगलची ॲप्स आधीच बसवून देण्याच्या अटींसह अन्य पद्धतींवर बोट ठेवून कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. दुसरीकडे, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, नेमकी आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते, आणि संमतीची विनंती मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले असले, तरी या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. अर्थात, समोरचा माणूस केंद्रचालकाच्या हातून संमती देत असेल, तर मराठी मजकूर वाचणार कोण, हे कायदा सांगत नाही.

तोवर केंद्रावर इनकॉग्निटो, म्हणजे खाजगी विंडो उघडायला सांगणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. ती बंद केल्यावर लॉगिन आणि भेटींची नोंद त्या संगणकावर उरत नाही, आणि क्रोममध्ये मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ॲड-ऑनही तीत चालत नाहीत; अर्थात संकेतस्थळाला किंवा इंटरनेट पुरवठादाराला दिसायचे ते दिसतेच. उतरवून घेतलेली फाइल मात्र विंडो बंद केल्यावरही डाउनलोडमध्ये राहते, आणि ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड हा नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष एवढाच असल्याने ज्याच्या हाती अर्ज आहे त्याला ती सहज उघडता येते. म्हणून छापील प्रत हाती पडताच ती फाइल आपल्यासमोर, रीसायकल बिनमधूनसुद्धा, पुसून घ्यावी.