गच्चीवरची मेथी आणि मुरलेले खत

माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर गच्चीवर भाजी लावली ती मधुमेहामुळे. आहारात पालेभाज्या वाढवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते; आणि बाजारातील मेथीवर काय फवारले असेल या शंकेने ते अस्वस्थ होत. एका गोठ्यामागच्या ढिगातून त्यांनी चार घमेली शेण आणवले, कुंड्यांतील मातीत कालवले आणि त्याच संध्याकाळी मेथी पेरली, वांग्याची रोपे लावली. मेथी उगवली खरी, पण लवकरच पिवळी पडली. पुढे वांग्याची रोपे एकेक करून कोलमडू लागली, तेव्हा माती उकरून पाहिली. त्यात हुमणीच्या पांढऱ्या, बाकदार अळ्या होत्या. शेण अर्धवट कुजलेले होते. याहून गंभीर गोष्ट आम्हांला चार दिवसांनी कळली. अनवाणी काम करताना त्यांच्या अंगठ्याला तार लागली होती आणि पायाची संवेदना कमी झाल्याने त्यांना ते जाणवलेच नव्हते. ती जखम भरून यायला दीड महिना लागला.

सेंद्रिय म्हणजे आपोआप निर्धोक, हा समज आपल्याकडे फार रुजला आहे. कच्च्या शेणात माणसाच्या आतड्याला अपायकारक ठरणारे जंतू असू शकतात. तरुणाला दोन दिवसांच्या जुलाबांवर सोडून देणारा असा जंतू सत्तरीच्या माणसाला रुग्णालयात पोचवू शकतो. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या अधिकृत नियमांनुसार, खाण्याचा भाग मातीला लागणाऱ्या पिकांत कच्चे शेणखत घातल्यास काढणीपूर्वी किमान १२० दिवस, तर मातीला न लागणाऱ्या पिकांत ९० दिवस जावे लागतात. मेथी किंवा कोथिंबीर तर महिना-दीड महिन्यात ताटात येते! तेव्हा घरच्या भाजीसाठी कच्चे शेण वर्ज्यच समजावे.

कुजण्याच्या क्रियेला वेळ द्यावा लागतो. ढीग ओलसर आणि सच्छिद्र असला की सूक्ष्मजीवांच्या कामाने तो आतून तापतो. ५५ अंश सेल्सिअसच्या वर तो काही दिवस राहिला आणि वरखाली होत गेला, तर बहुतेक रोगजंतू व तणांचे बी नष्ट होते. हे शास्त्र आपल्याच भूमीवर बांधले गेले आहे. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काडीकचरा आणि शेण थराथराने रचून खत करण्याची पद्धत सिद्ध केली. ती पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच जगभर गेली. उत्तम मुरलेले खत काळसर, भुसभुशीत आणि हाताला थंड लागते. त्याला शेणाचा नव्हे, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. नाकाची ही परीक्षा सहसा चुकत नाही.

शेणखतात नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असते, चांगल्या गांडूळखतात ते दीड टक्क्याच्या आसपास जाते आणि निंबोळी पेंडीत पाच टक्क्यांपर्यंत. म्हणून शेणखत भरपूर घालता येते, पेंड मात्र मूठभरच. पण खत म्हणजे केवळ नत्र नव्हे. त्याने माती पाणी धरून ठेवते, आणि ज्यांना रोज दोनदा जिना चढून झारी नेणे शक्य नाही त्यांच्या दृष्टीने हा गुण नत्राहून मोलाचा आहे.

जिवाणू खतांविषयी लोकांचा गोंधळ अधिक. ही स्वतः अन्न नव्हेत; ती अन्न मिळवून देणारी मंडळी आहेत. रायझोबियम द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र वनस्पतीला देतो. वाल, चवळी, गवार यांना तो चालतो आणि मेथीलाही, कारण मेथी त्याच कुळातली. मात्र प्रत्येक पिकगटाचा रायझोबियम वेगळा, म्हणून पाकिटावरील पिकाचे नाव वाचूनच घ्यावे. वांगी, टोमॅटो, मिरची यांना ॲझोटोबॅक्टर द्यावा. मातीत अडकलेला स्फुरद मोकळा करणारे जिवाणू दोहोंना उपयोगी.

पद्धत सोपी आहे. गुळाच्या थंड, पातळ पाण्याने बी किंचित ओले करावे, चमचाभर खत हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवून लगेच पेरावे. रोपांसाठी एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम खत कालवून मुळे सुमारे पंधरा मिनिटे बुडवावीत. पाकिटातले जिवाणू जिवंत असतात. उन्हात ठेवलेले किंवा मुदत उलटलेले पाकीट म्हणजे निव्वळ भुकटी. शिवाय त्याच कुंडीत युरिया टाकला, तर आयते नत्र मिळाल्याने वेलीच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. फुलावर आलेल्या चवळीचे एखादे रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडून पाहावी: आत गुलाबी रंग दिसला तर काम चालू आहे. नातवंडांना दाखवण्याजोगी ही गंमत आहे.

आता काळजीवाहकांसाठी थोडे. खताची पिशवी नाकाशी धरून उघडू नये. कोरडे खत ढवळताना उडणाऱ्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि क्वचित फुफ्फुसदाह करणारे लिजिओनेला जिवाणूही. ऑस्ट्रेलियात कुंडीमातीच्या पिशव्यांवर तशी सूचना छापलेली असते. दमेकऱ्यांनी खत आधी पाणी शिंपडून ओलावावे, तोंडाला मास्क बांधावा. मधुमेह्यांनी हातमोजे आणि बंद पादत्राणे घालावीत, काम संपल्यावर तळपाय उजेडात तपासावेत. धनुर्वाताची लस दहा वर्षांत झालेली नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी, गच्चीवर पालक भरघोस आला म्हणून एकाएकी रोज खाऊ नये. त्यातील ‘के’ जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पालेभाजीतील पोटॅशियमचे पथ्य असेल, तर ते घरच्या भाजीलाही तितकेच लागू.

वडिलांच्या कुंड्या आता विटांच्या ओट्यावर कमरेइतक्या उंचीवर आहेत. दोन भाग माती, एक भाग मुरलेले खत, वर वाळक्या पानांचे आच्छादन. गच्चीच्या दाराशी त्यांचे बंद बूट ठेवलेले असतात. ते घातल्याशिवाय आई झारी हातात देत नाही.