आमचा ठोंब्या असा नाही!

बालमित्रांनो, एक प्रश्न विचारतो. खरंखरं उत्तर द्यायचं हं! दर दिवाळीला तुमच्या घरी करंज्या आजी करते. तिच्यासारखी खुसखुशीत करंजी साऱ्या आळीत कुणाला जमत नाही. आणि यंदा आजी म्हणाली, "आता माझ्यानं होत नाही रे बाळा. करंज्या तुझे बाबा करतील." तर तुमच्या पोटात गोळा येईल की नाही? बाबा वाईट आहेत म्हणून नव्हे, बरं का! करंजी बिघडेल म्हणून.

असाच गोळा मार्च २०२५ मध्ये पुष्कळ मुलांच्या पोटात आला. त्यांच्या आईबाबांच्याही आला! कारण होते 'क्रिश'. २००३ साली 'कोई मिल गया' हा चित्रपट आला. दूरच्या ग्रहावरून आलेला, उन्हातून शक्ती घेणारा निळा जादू त्यात सगळ्यांना भेटला. २००६ साली 'क्रिश' आला आणि २०१३ साली 'क्रिश ३'. तिन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक एकच, राकेश रोशन. आणि मग बातमी आली, की चौथा चित्रपट ते स्वतः दिग्दर्शित करणार नाहीत. ते काम त्यांचा मुलगा हृतिक करणार. तोच हृतिक, ज्याने रोहित आणि क्रिश या दोन्ही भूमिका केल्या!

आमच्या वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, "भारीच की! क्रिशलाच क्रिश जास्त कळणार." दुसरा म्हणे, "पण गुरुजी, त्यानं आजवर एकही पिक्चर काढला नाही. बिघडवला तर?"

दिग्दर्शक म्हणजे नेमके कोण, हे ठाऊक आहे ना? पडद्यावर तो दिसत नाही. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, नटाने कुठे थांबायचे, कुठे हसू आणायचे, कुठला प्रसंग ठेवायचा आणि कुठला कापायचा, हे सारे तोच ठरवतो. म्हणजे गोष्ट तीच असली, तरी ती सांगणारा तो. सांगणारा बदलला की गोष्टीचा आवाज बदलतो. मुलांची शंका खोटी नव्हती. आणि हृतिक अगदी नवखा होता असेही नाही. नट होण्याआधी 'करण अर्जुन' आणि 'कोयला' या चित्रपटांच्या वेळी तो वडिलांच्या हाताखाली सहायक म्हणून राबला होता.

हे सगळे मी मुलांना सांगत होतो, पण मला आठवत होता ठोंब्या. आता ठोंब्या कोण? सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझी बारामती तालुक्यातून इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत बदली झाली. माझ्याआधी तिथे एक बाई होत्या. त्या दर शनिवारी कवायत झाली की मुलांना एक गोष्ट सांगत. क्रमशः! आज अर्धी, उरलेली पुढच्या शनिवारी. गोष्ट होती ठोंब्या नावाच्या यंत्रमानवाची. पडक्या विहिरीवरची जुनी मोटर, उसाच्या चरकाचे दात आणि सायकलचा दिवा यांतून तो जन्माला आला होता. ठोंब्या उजनीच्या पाण्याखालून चालत जाई. धरणात बुडालेल्या गावांच्या गल्ल्यांतून हिंडे. पळसदेवच्या जुन्या देवळाशी बसून माशांशी गप्पा मारी. (पाणी फार उतरले की हे देऊळ खरोखरच वर येते. इंदापूरकरांना विचारा!) भिगवणला येणारे रोहित पक्षी त्याला दूरदूरच्या बातम्या सांगत.

बाईंची बदली झाली आणि गोष्ट राहिली अर्धी. पहिल्याच शनिवारी मुले म्हणाली, "गुरुजी, ठोंब्याचं पुढं काय झालं?"

मला वाटले, त्यात काय एवढे! मी सुरुवात केली. धरणाची भिंत फोडायला आलेल्या दुष्टांची टोळी आणली. ठोंब्याच्या डोळ्यांतून लाल किरण सोडले. धडाम्! धुडूम्! टोळी खलास. मी विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहिले. वर्ग गप्प. शेवटी तिसरीतली एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला आले होते. फडातल्या कोपीवरून ती चालत शाळेत येई. ती म्हणाली, "हा आमचा ठोंब्या नाही. आमचा ठोंब्या कुणाला मारत नाही."

पुढच्या शनिवारी गोष्टीच्या वेळी ती पाणी प्यायला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. मला फार लागले ते.

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन लावला. सारे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "गोष्ट आता तुमची आहे. हवी तिकडे न्या. फक्त एकदा मुलांना विचारा, ठोंब्या कधीच काय करणार नाही?"

मी विचारले. फळा भरून गेला! ठोंब्या मारत नाही. ठोंब्या खोटे बोलत नाही. ठोंब्याला पोहता येत नाही, म्हणून तो तळावरून चालतो. दिव्याचा उजेड कमी झाला की त्याला सायकलवर बसून पायडल मारावे लागते. मग माझ्या ध्यानात आले. मी ठोंब्याला नवी ताकद दिली होती, पण त्याचा स्वभाव काढून घेतला होता. विज्ञानकथेत काहीही घडू शकते असे आपल्याला वाटते. पण तिचेही नियम असतात. जादूला ऊन लागते, तसे ठोंब्याला पायडल लागते. नियम मोडला की ऐकणाऱ्याचा विश्वास मोडतो.

आता तुम्ही म्हणाल, मग गोष्ट दुसऱ्याच्या हाती देऊच नये का? थांबा. जरा आपल्याच बारामतीत जाऊ. कऱ्हेकाठच्या या गावात कवी मोरोपंत राहत. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. रामाची गोष्ट तर वाल्मीकींची. किती जुनी, किती लाडकी! पण मोरोपंतांनी ती पुन्हा सांगितली. एकदा नव्हे, तब्बल १०८ रामायणे त्यांच्या नावावर आहेत! त्यांतले एक आहे 'निरोष्ठ रामायण'. त्यात ओठाला ओठ लावून उच्चारायची अक्षरे, म्हणजे प, फ, ब, भ, म, वापरलेलीच नाहीत. आहे की नाही गंमत? करून पाहा बरं, 'राम' न म्हणता रामाची गोष्ट! सांगण्याची तऱ्हा दर वेळी नवी, पण राम रामच राहिला.

आणखी एक उदाहरण पुणे जिल्ह्यातलेच. हडपसरजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे! भा. रा. भागवतांनी त्याला जन्म दिला. १९८०च्या दशकात तो दूरदर्शनवर आला, सुमीत राघवनच्या रूपात. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी त्याच्यावर चित्रपट काढला. त्यात अमेय वाघने रंगवलेला फाफे चक्क मोठा झाला होता! ज्यांनी त्याला सायकलवर उंडारणारा शाळकरी पोरगा म्हणून डोक्यात जपले होते, त्यांना हे चटकन कसे पटावे? पण भानगडीत नाक खुपसल्याशिवाय राहायचे नाही, हा फाफेचा स्वभाव मात्र होता. आणि चित्रपटात एक आजोबाही होते, खुद्द भा. रा. भागवत! दिलीप प्रभावळकरांनी ते काम केले. ज्याने गोष्ट दिली त्याला असा घरात मान देऊन बसवले, हे मला फार आवडले.

सातासमुद्रापलीकडेही हेच. १९७७ साली जॉर्ज लुकास यांनी अमेरिकेत 'स्टार वॉर्स' काढला. दुसरा भाग १९८० साली आला, पण दिग्दर्शक होते अर्विन कर्शनर. हे कोण, ठाऊक आहे? लुकास ज्या विद्यापीठात चित्रपट शिकले, तिथले त्यांचे शिक्षक! शिष्याने आपली गोष्ट गुरुजींच्या हाती दिली. आज कितीतरी चाहते त्या दुसऱ्या भागालाच सर्वांत चांगला मानतात.

नेहमीच असे होते का? नाही हो. 'सुपरमॅन'चेच पाहा. १९७८चा पहिला चित्रपट रिचर्ड डॉनर यांनी केला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे दिग्दर्शक बदलत गेले. १९८७ साली चौथा भाग आला, तेव्हा पैसा कमी, करामती कच्च्या. नट तोच होता, तरी लोकांनी पाठ फिरवली. म्हणजे चाहत्यांची भीती कधी खरी ठरते, कधी खोटी. पाहिल्याशिवाय कळत नाही, एवढेच खरे.

हां, तर ठोंब्याकडे परत. पुढच्या शनिवारी मी गोष्ट मागे नेली. "मागच्या वेळी मी चुकलो," असे मुलांसमोर कबूल केले. लाल किरण पुसले. ठोंब्याने त्या टोळीला पाण्याखालची गावे दाखवली. कुणाचे घर, कुणाची शाळा, कुणाचा पार. टोळीतल्या एकाचे आजोळच तिथे निघाले! तो मटकन खाली बसला, आणि भिंत फोडायची राहून गेली. मी हळूच पाहिले. ती मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला. तिचे आईवडील गावी निघाले. जाताना ती म्हणाली, "गुरुजी, आता पुढची गोष्ट मला कोण सांगणार?"

मी म्हणालो, "तूच सांग. तिकडच्या मुलांना."

दिवाळीनंतर गाळप सुरू झाले आणि ती परत आली. शनिवारी तिला पुढे बोलावले. तिचा ठोंब्या बैलगाडीतून डोंगरापलीकडच्या कोरड्या गावी गेला होता. तिथे चालायला पाणीच नव्हते! मग त्याने रात्रभर सायकलचे पायडल मारले आणि आपल्या अंगातल्या मोटरीने विहिरीच्या तळाचे पाणी वर काढले. वर्गातली दोघेतिघे ओरडली, "ए, बदलली हिनं गोष्ट! ठोंब्या बैलगाडीत बसत नाही!"

ती ठसक्यात म्हणाली, "का नाही? फळ्यावर लिहिलं होतं का तसं?"

सगळे आठवू लागले. मारले? नाही. खोटे बोलला? नाही. पोहला? नाही. पायडल मारले? मारले की! मग एक जण म्हणाला, "बरं, पुढं सांग."

तर बालमित्रांनो, क्रिश असो की फाफे, आपली लाडकी गोष्ट नव्या हाती गेली, की काळजी जरूर करा. काळजी वाटते, कारण जीव असतो. पण पाहण्याआधीच पाठ फिरवू नका. एक कागद घ्या. आपला नायक कधीच काय करणार नाही, ते त्यावर लिहा. मग चित्रपट पाहा आणि कागदाशी ताडून बघा.

आणि आईबाबांनो, तुम्हांलाही एक काम. आज रात्री एक गोष्ट सुरू करा आणि ऐन रंगात थांबा. उद्या ती पुढे मुलांना सांगू द्या. बिघडली तरी मध्ये बोलू नका हं!